चौथीच्या मुलांचा पूर्वज : सिएटल परिसरातील मराठी शाळांना खुले पत्र

प्रति,
सिएटल परिसरातील मराठी शाळांचे शिक्षक, स्वयंसेवक आणि पालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मूल चौथीत गेले की आपल्यापैकी अनेकांच्या घरी एक प्रकल्प येतो. वॉशिंग्टन राज्याचा इतिहास शिकताना मुले ओरेगॉन ट्रेल, म्हणजे एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांनी पश्चिमेला जाण्याची वाट, शिकतात, पुठ्ठा आणि पांढरे कापड घेऊन छपराची बैलगाडी तयार करतात आणि पश्चिमेकडे आलेल्या एखाद्या पूर्वजाच्या नावाने चार पानांची रोजनिशी लिहितात. गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी तो कागद घेऊन घरी आली. तिच्या वर्गातल्या एका मुलाने आपल्या खापरपणजोबांच्या गाडीच्या चाकाची गंजलेली धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचा हातभर तुकडा, वर्गात दाखवायला आणला होता आणि सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला होता. जेवताना तिने विचारले, "आई, आपलं त्यात कुणीच नव्हतं ना?" मी तिला सांगितले की आपण खूप नंतर आलो, तेव्हा तू कुणाचीही गोष्ट निवड. ते उत्तर देताना मलाच ते अपुरे वाटत होते, आणि त्यानंतरचे काही महिने मी जे वाचले, जी ठिकाणे पाहिली, त्यातून हे पत्र लिहिण्याची गरज वाटली.

माझी विनंती एवढीच आहे की आपल्या शनिवार-रविवारच्या मराठी वर्गांत, चौथीच्या वयाच्या मुलांना, जॉर्ज बुश यांची गोष्ट मराठीतून सांगितली जावी. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या त्याच नावाच्या दोघांशी यांचा संबंध नाही. हे बुश १८४४ साली मिसुरीहून बैलगाड्या घेऊन निघाले आणि आज आपण जिथे राहतो त्या प्युजेट साउंड या खाडीच्या काठी स्थायिक झालेल्या पहिल्या अमेरिकन कुटुंबांपैकी एकाचे ते प्रमुख होते. ते कृष्णवर्णीय होते. त्यांची पत्नी इझाबेला जर्मन वंशाची, गोरी होती. आणि ज्या कायद्यांनी त्यांच्या सहप्रवाशांना फुकट जमीन दिली, त्याच कायद्यांनी त्यांना ती नाकारली होती.

हे आपले पूर्वज कसे, असे कुणी विचारील. मराठीतला हा शब्द नीट पाहिला तर त्यात रक्ताचा उल्लेख नाही. जो आधी जन्मला तो पूर्वज. बुश यांचे वडील मॅथ्यू यांचा जन्म हिंदुस्थानात झाला होता असे काही चरित्रलेखांत वाचायला मिळते, आणि ते वाचल्यावर माझेही मन क्षणभर हरखले. पण माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे की या ऐकीव धाग्यावर मुलांना नाते सांगू नये. बाहेरून आलेल्या, वेगळ्या कातडीच्या माणसाने या भूमीत पाय रोवायचे म्हटले तर काय काय करावे लागते आणि कोणाच्या भरवशावर करावे लागते, हे ज्याने आपल्याआधी भोगले त्याच्याशी आपले नाते आहे, आणि ते पुरेसे आहे.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही, कारण तेवढा भाग शाळेत चांगला शिकवतात. मिसुरीपासून सुमारे बत्तीसशे किलोमीटर, प्लॅट नदीच्या काठाने फोर्ट लॅरमी, साउथ पास, फोर्ट हॉल, मग स्नेक नदी आणि ब्लू माउंटन्स ओलांडून कोलंबिया नदीपर्यंत, पाच-सहा महिन्यांची वाट. १८४४ चा वसंत विलक्षण पावसाचा होता आणि गाड्या निघाल्या त्याच चिखलात रुतू लागल्या. आपल्या मुलांना एवढे मात्र आवर्जून सांगावे की गाडीत बसून कुणी मजेत जात नसे. गाडीत पीठ, बियाणे, अवजारे आणि आजारी माणसे, बाकी सगळी, लहान मुलेसुद्धा, बैलांच्या बाजूने चालत. ज्यांच्या आजोळी बैलगाडी होती त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. चढावर बैलांच्या खांद्यावरचा भार कमी करायला खाली उतरणे, धाव सैल झाली की चाक पाण्यात भिजत ठेवणे, जू घासून खांद्याला झालेल्या जखमेला रोज संध्याकाळी औषध लावणे, ही सगळी कामे दोन्हीकडची सारखीच.

बुश त्या वेळी पन्नाशी ओलांडलेले, फरच्या व्यापारात पश्चिमेचे डोंगर आधी पाहिलेले, सुखवस्तू शेतकरी होते. बरोबर इझाबेला आणि पाच मुलगे. मिसुरी हे गुलामगिरीचे राज्य होते आणि तिथे मुक्त कृष्णवर्णीयांवरचे निर्बंध वाढत चालले होते, म्हणून ते सगळे विकून निघाले. त्यांच्या गाडीच्या तळाला दुहेरी फळी होती आणि तिच्याखाली चांदीची नाणी लपवलेली होती, अशी आठवण सांगतात. त्याच तांड्यातील जॉन मिंटो नावाच्या तरुणाने पुढे लिहिलेल्या आठवणींत दोन गोष्टी आहेत. एक, आणखी किमान दोन कुटुंबांना वाटखर्चाला बुश यांनीच हात दिला होता. दुसरी, बुश यांनी त्याला सांगितले होते की ओरेगॉनमध्ये मुक्त माणसाचे हक्क मिळाले नाहीत तर आपण मेक्सिकोच्या अमलाखालच्या कॅलिफोर्नियात किंवा न्यू मेक्सिकोत जाऊन आश्रय मागू. स्वतःच्या पैशाने इतरांना घेऊन निघालेला माणूस पोहोचण्याआधीच दुसऱ्या देशात आसरा शोधण्याचा विचार करत होता, ही गोष्ट मला वाचताना थांबवून गेली.

त्यांची शंका खरी ठरली. ते वाटेत असतानाच, जून १८४४ मध्ये, ओरेगॉनच्या (आजचे वॉशिंग्टन तेव्हा त्याच प्रदेशात मोडत असे) हंगामी सरकारने एक कायदा केला. त्याने गुलामगिरीला बंदी घातली, पण त्याच कायद्याने कृष्णवर्णीय पुरुषांनी दोन वर्षांत आणि स्त्रियांनी तीन वर्षांत प्रदेश सोडावा, अन्यथा दर सहा महिन्यांनी वीस ते एकोणचाळीस फटके मारले जावेत, असेही ठरवले. फटक्यांचे कलम त्याच वर्षाच्या डिसेंबरात बदलले गेले आणि अंमल होण्यापूर्वीच, १८४५ मध्ये, तो कायदा रद्द झाला. पण १८४९ मध्ये दुसरा आला, आणि १८५७ मध्ये ओरेगॉनच्या संविधानातच कृष्णवर्णीयांना येऊन राहण्याची बंदी घालण्यात आली, ती १९२६ पर्यंत तिथे लिहिलेली होती. शाळेतल्या प्रकल्पाच्या कागदावर यातले एकही वाक्य नव्हते.

बुश यांनी मग एक निर्णय घेतला आणि त्यांच्यासोबतच्या मायकेल सिमन्स व इतर कुटुंबांनी त्यांना साथ दिली. बहुतेक सगळे स्थलांतरित कोलंबियाच्या दक्षिणेला, विलामेट खोऱ्याच्या सुपीक जमिनीकडे वळत होते. हे लोक तो हिवाळा कोलंबियाच्या काठी काढून १८४५ मध्ये नदीच्या उत्तरेला गेले, जिथे त्या हंगामी सरकारचा हात फारसा पोहोचत नव्हता आणि ब्रिटिशांच्या हडसन्स बे कंपनीचा वावर होता. जंगल तोडत, ओंडके बाजूला सारत पाच कुटुंबांनी वाट काढली आणि डेशूट्स नदी जिथे धबधब्याने प्युजेट साउंडच्या खाडीत उतरते तिथे, आजच्या टमवॉटरला, ती पोहोचली. धबधब्यावर सिमन्स यांनी पिठाची आणि नंतर लाकडाची गिरणी उभी केली. थोड्या अंतरावरच्या मोकळ्या गवताळ पठारावर बुश यांनी नांगर घातला. त्या पठाराला आजही बुश प्रेअरी म्हणतात आणि ऑलिम्पियाचा छोटा विमानतळ त्याच पठारावर आहे.

वॉशिंग्टन राज्याची सुरुवात कशी झाली, याचे हे एक मोठे कारण आहे. एका कृष्णवर्णीय माणसाला दक्षिणेत राहता येईना, म्हणून त्याच्या गोऱ्या शेजाऱ्यांनी उत्तरेची वाट धरली आणि या बाजूला अमेरिकन वस्ती झाली. ब्रिटनशी झालेल्या १८४६ च्या तहाने एकोणपन्नासाव्या अक्षांशापर्यंतचा मुलूख अमेरिकेकडे आला तेव्हा, ज्या कायद्यांपासून बुश दूर आले होते तेच कायदे त्यांच्या बांधापर्यंत येऊन पोहोचले.

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो मराठी माणसाला समजावून सांगणे सोपे आहे, कारण आपल्याकडे सातबारा आहे. १८५० च्या जमीनवाटपाच्या कायद्याने ओरेगॉन प्रदेशात आधीपासून राहणाऱ्या विवाहित जोडप्याला ६४० एकर जमीन मोफत मिळणार होती, त्यातली निम्मी पत्नीच्या नावे. पण अर्जदार गोरा किंवा मिश्र मूळनिवासी वंशाचा असावा, अशी अट होती. बुश यांनी पाच वर्षे जी जमीन कसली, जिच्यावर घर बांधले, झाडे लावली, ती त्यांची नव्हती. कुणीही गोरा माणूस येऊन त्या ६४० एकरांवर हक्क सांगू शकला असता.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यात कूळ होते. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कुळकायद्याने कसणारे मालक ठरले, आणि नंतर यथावकाश त्यांचे नाव इतर हक्कांच्या रकान्यातून उचलून कब्जेदाराच्या रकान्यात आले. तो फेरफाराचा कागद आजीने पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली, मरेपर्यंत जपला. लिहिता-वाचता येत नसूनही आपले नाव त्यात कुठे आहे ते ती बोटाने दाखवत असे. त्यामुळे बुश यांच्या कागदाबद्दल वाचताना मला तो परका वाटला नाही.

तो कागद त्यांना कसा मिळाला, हेही मुलांना कळायला हवे. १८५२ च्या टंचाईत, स्थलांतरितांचे लोंढे येत होते आणि धान्याचे भाव भडकले होते तेव्हा, व्यापाऱ्यांनी बुश यांचे कोठार विकत घेऊ पाहिले. त्यांनी विकले नाही. शेजाऱ्यांना खायला आणि पेरायला राहावे म्हणून त्यांनी धान्य ठेवले. ज्याच्याकडे पैसे होते त्याला गरजेपुरतेच दिले, ज्याच्याकडे नव्हते त्याला पुढच्या सुगीला तेवढेच परत करण्याच्या बोलीवर दिले. त्याच साली ओरेगॉन ट्रेलने आलेल्या एझ्रा मीकर यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. उधार नेलेले बियाणे सुगीला परत करणे ही रीत आपल्या गावांतही होती आणि असे कोठार असलेल्या माणसाला गावात काय मान असतो ते आपण जाणतो. १८५३ मध्ये वॉशिंग्टन प्रदेश वेगळा झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या पहिल्या विधिमंडळाने काँग्रेसकडे विनंती केली की बुश यांना त्यांची जमीन मिळावी. १० फेब्रुवारी १८५५ रोजी काँग्रेसने केवळ जॉर्ज बुश या एका माणसासाठी कायदा केला आणि ६४० एकर बुश पतिपत्नींच्या नावे झाले. मतदानाचा हक्क मात्र त्यांना १८६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत मिळाला नाही.

इथेच ही गोष्ट थांबवली तर ती गोड होईल, आणि खोटी होईल. माझी दुसरी विनंती याच भागाबद्दल आहे.

ती जमीन मोकळी नव्हती. ती निस्क्वाली या मूळनिवासी जमातीची आणि त्यांच्या शेजारच्या लोकांची होती. सॅमन मासे पकडण्याच्या त्यांच्या जागा, कंद खणण्याची त्यांची पठारे आणि त्यांची हिवाळी घरे त्या नद्यांच्या काठी होती. नव्याने आलेल्या या कुटुंबांना पहिल्या हिवाळ्यांत त्यांनीच खाणे पुरवले. १८४७-४८ च्या गोवराच्या साथीत निस्क्वालींची माणसे मरत होती तेव्हा बुश पतिपत्नींनी त्यांची शुश्रूषा केल्याचे सांगतात, आणि निस्क्वालींचे पुढारी लेशाय यांच्याशी बुश यांचा स्नेह होता. पण २६ डिसेंबर १८५४ रोजी, म्हणजे बुश यांचा कायदा होण्याच्या दीड महिना आधी, राज्यपाल आयझॅक स्टीव्हन्स यांनी मेडिसिन क्रीकच्या काठी तह करून या लोकांचा मुलूख घेतला आणि निस्क्वालींना १,२८० एकरांचा एक तुकडा ठेवला. बुश यांच्या एका कुटुंबाच्या शेताच्या बरोबर दुप्पट. त्या तहाच्या वेळी मूळनिवासींशी व्यवहार करणारे सरकारी अधिकारी (इंडियन एजंट) म्हणून काम पाहणारे मायकेल सिमन्स हेच, १८४५ मध्ये बुश यांच्यासाठी उत्तरेला आलेले सिमन्स होते. लेशाय यांनी त्या तुकड्याविरुद्ध शस्त्र उचलले. त्यांना पकडायला निघालेले जेम्स मॅकअ‍ॅलिस्टर, बुश यांच्याच तांड्यातले, १८५५ च्या ऑक्टोबरात मारले गेले. लेशाय यांना १९ फेब्रुवारी १८५८ रोजी फाशी दिली गेली आणि २००४ मध्ये एका ऐतिहासिक चौकशी न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे झेपेल का, असा प्रश्न माझ्या एका मैत्रिणीने विचारला. मला वाटते, झेपेल. एकाच माणसाने, सिमन्स यांनी, मित्राला साथ दिली आणि त्याच मित्राच्या स्नेह्याच्या लोकांची जमीन घेण्यात हात लावला, हे मुलांना कळते; त्यांच्या मैदानावरच्या खेळातही असे घडत असते. आपण त्यांना शिवकाळ शिकवतो तेव्हा फितुरी आणि निष्ठा एकाच घरात कशा नांदल्या तेही सांगतोच की.

आपल्या लोकांचा धागाही इथेच येतो, आणि तो खरा आहे म्हणूनच लिहिते. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री बेलिंगहॅममध्ये लाकूडगिरण्यांतल्या हिंदुस्थानी कामगारांना, ज्यांत बहुसंख्य शीख होते, जमावाने मारून गावाबाहेर काढले. १९२१ मध्ये वॉशिंग्टन राज्याने असा कायदा केला की ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही त्यांनी जमीन घेऊ नये, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या शीख स्थलांतरिताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. तो अडसर १९४६ मध्ये दूर झाला, आणि राज्याचा जमीनबंदीचा कायदा १९६६ पर्यंत पुस्तकात राहिला. आज बॉथेल, रेडमंड, समामिश इथे आपण घराचे कागद सही करून घेतो, तेव्हा बुश यांना ज्या रकान्याने अडवले त्याच रकान्याने आपल्या माणसांनाही अडवले होते, हे मुलांना माहीत असावे.

आणखी एक गोष्ट, जी मला समजली तेव्हा मी उठून मुलीला हाक मारली. बुश यांचे थोरले चिरंजीव विल्यम ओवेन बुश यांनी वडिलांचे शेत पुढे नेले. त्यांच्या गव्हाला १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. १८८९ मध्ये वॉशिंग्टन राज्य झाले तेव्हा पहिल्या विधानसभेत ते निवडून आले आणि राज्याचे शेती महाविद्यालय स्थापन करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. तेच पुलमनचे महाविद्यालय, आजचे वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी. त्याच महाविद्यालयात, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला, वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे शेतीशास्त्र शिकले, ज्यांना आपण गदर चळवळीचे क्रांतिकारक आणि मेक्सिकोत मक्यावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ म्हणून ओळखतो. ज्यांच्या वडिलांना जमिनीचा हक्क नव्हता त्यांनी मांडलेल्या विधेयकातून उभ्या राहिलेल्या शाळेत, ज्याच्या देशबांधवांना पुढे याच राज्यात जमीन घेण्याची बंदी झाली असा एक मराठी तरुण गहू-मका शिकला. आपल्या मुलीला हे सांगण्यासाठी मला कोणतेही नाते जोडावे लागले नाही.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते लिहिते. सिएटलहून टमवॉटर सुमारे शंभर किलोमीटर आहे. दक्षिणेकडे जाताना आय-५ महामार्ग निस्क्वाली नदीचे मुख ओलांडतो. तिथल्या पक्षी अभयारण्याला निस्क्वालींचे मासेमारी-हक्कांचे नेते बिली फ्रँक धाकटे यांचे नाव आहे आणि मेडिसिन क्रीकच्या तहाचे राष्ट्रीय स्मारकही तिथेच आहे. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून मुले चालू शकतात. तिथे आधी थांबावे, मग टमवॉटरचा धबधबा पाहावा, जिथे शरद ऋतूत सॅमन उड्या मारत वर चढतात, आणि शेवटी ऑलिम्पियाच्या विधानभवनाच्या (कॅपिटॉलच्या) आवारात जावे. त्या आवारात २०२१ मध्ये बुश कुटुंबाचे स्मारक उभे राहिले. बुश यांनी मिसुरीहून अक्रोडाच्या जातीच्या एका झाडाची बी आणली होती. इंग्रजीत त्याला बटरनट म्हणतात. त्यांच्या अंगणात त्या बीचे झाड पावणेदोनशे वर्षांच्या आसपास उभे राहिले आणि त्याच्याच वंशाचे एक झाड स्मारकापाशी लावले आहे. मी ते मार्चमध्ये पाहिले तेव्हा पाने नव्हती. फांद्यांच्या टोकांना बोटाच्या पेराएवढ्या, लव असलेल्या करड्या कळ्या होत्या आणि माझी मुलगी त्यांना हात न लावता, पाठीमागे हात बांधून, बराच वेळ जवळून पाहत होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, सॅमन चढत असताना, चौथी आणि पाचवीच्या मुलांची एक सहल काढावी, अशी माझी सूचना आहे. गोष्ट मराठीतून सांगण्यासाठी दहा पानांचा मजकूर आणि एक नकाशा मी तयार केला आहे. तो कुणीही घ्यावा, दुरुस्त करावा, वाढवावा. निस्क्वाली लोकांचा भाग त्यांच्याच एखाद्या जाणकार व्यक्तीने तपासून द्यावा, यासाठी आपल्यापैकी कुणाचा परिचय असेल तर कृपया पुढे यावे, कारण तो भाग केवळ मी वाचलेल्या पुस्तकांवर ठेवणे मला योग्य वाटत नाही.

येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
चौथीतल्या एका मुलीची आई